रूझवेल्ट यांचं बीपी : दहा तास झोप, चार तास काम आणि तरीही ३००/१९०

फ्रँकलिन रूझवेल्ट हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटतं ते दुसरं महायुद्ध, अटलांटिक सनद आणि फार तर भारताच्या स्वातंत्र्यावरून चर्चिल यांच्याशी झालेली कुरबूर एवढ्यापुरतं. डॉक्टरांच्या जगात मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहेत. हाय बीपीवर धड औषध नसताना माणसाचं काय व्हायचं, याचं इतकं व्यवस्थित तारीखवार उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. आकडे आहेत, तारखा आहेत, डॉक्टरांनी दिलेलं दिवसाचं वेळापत्रक आहे. आणि त्या वेळापत्रकात सगळ्यात वरच्या गोष्टी होत्या आराम आणि झोप.

हल्ली आपल्या मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेचा स्कोअर दाखवतं, ताण वाढला की श्वास घ्यायची आठवण करून देतं. ऐंशी वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला डॉक्टरांनी साधारण हेच सांगितलं होतं. त्याचा कितपत उपयोग झाला आणि कुठे उपयोग संपला, हे त्यांच्या आयुष्यात नीट दिसतं.

आराम कसा करायचा हे त्यांना माहीत होतं

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावातला. घर श्रीमंत, एकुलतं एक लाडकं पोर, हार्वर्डचं शिक्षण, मग राजकारण. १९२१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ३९ व्या वर्षी, कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेलेले असताना त्यांना ताप आला आणि काही दिवसांत कमरेखालचे पाय लुळे पडले. पोलिओचं निदान झालं. त्यानंतर ते कधीही आधाराशिवाय चालले नाहीत. उभं राहायचं तर पायांना पोलादी पट्ट्या बांधायच्या आणि कुणाचा तरी दंड धरायचा.

पोलिओमुळे त्यांचं बीपी वाढलं असं म्हणता येत नाही. पण हालचाल कमी झाली, व्यायाम म्हणजे पोहणं एवढंच उरलं. जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथे कोमट पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात पाय हलके होतात म्हणून ते तिथे जायला लागले आणि १९२६ मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली, पोलिओच्या पेशंटसाठी केंद्र उभं केलं. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासाठी लोकवर्गणीतून पोहण्याचा तलाव बांधला गेला. आज तिथे पत्रकार परिषदेचा हॉल आहे. टीव्हीवर दिसतो तोच. तलाव त्या फरशीखाली अजून आहे.

गाड्यांचं वेड होतं. फोर्ड गाडीत त्यांनी हाताने चालणारे कंट्रोल बसवून घेतले होते. क्लच, ब्रेक, वेग, सगळं हातानं. वॉर्म स्प्रिंग्जच्या रस्त्यांवर ते स्वतः गाडी हाकत फिरायचे आणि सुरक्षारक्षकांना मागे टाकण्यात त्यांना फार मजा यायची. पाय गेलेल्या माणसासाठी ही गाडी म्हणजे मोकळीक होती, आणि माझ्या मते त्यांच्याकडचं सगळ्यात भारी गॅजेट तेच.

लहानपणापासून पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. रात्री झोपण्याआधी अल्बम काढून बसायचे. प्रवासाला, अगदी युद्धकाळातल्या परिषदांनाही, तिकिटांची पेटी सोबत असायची. संध्याकाळी जवळची माणसं जमवून स्वतःच्या हातानं कॉकटेल बनवायचे, आणि त्या वेळात कामाचं बोलणं चालत नसे. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या, मिकी माउसची कार्टून, बोटीतून मासेमारी. युद्धात समुद्रावर जाणं धोक्याचं झालं तेव्हा, १९४२ मध्ये, मेरिलँडच्या डोंगरात त्यांच्यासाठी एक साधं विश्रामस्थान तयार केलं गेलं. त्याचं नाव त्यांनी शांग्री-ला ठेवलं. पुढे आयझेनहॉवर यांनी नाव बदललं आणि आज ते कॅम्प डेव्हिड म्हणून ओळखलं जातं.

झोपही चांगली होती. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण शेजारी आलेले शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक यांना गोळी लागली आणि पुढे त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्या रात्री रूझवेल्ट जराही बिथरलेले दिसले नाहीत आणि शांत झोपले, असं सोबतच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे.

म्हणजे टेन्शन घेणारा, रात्रभर कूस बदलणारा माणूस हा नव्हता. डोकं शांत ठेवण्याचे जे उपाय आज ॲपवाले सबस्क्रिप्शन लावून शिकवतात, त्यातले बरेचसे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. तरीही बीपी वाढलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हाय बीपी म्हणजे स्वभावाचा दोष, चिडक्या माणसाचा आजार, असा समज आपल्या घराघरात आहे. वय, घराण्यातून आलेला वारसा, मीठ, वजन, मूत्रपिंडं, सिगारेट आणि दारूही, अशा बऱ्याच गोष्टी त्यात असतात. रूझवेल्ट यांच्या बाबतीत सिगारेट तर होतीच. लांब होल्डरमधली सिगारेट ही त्यांच्या फोटोंची ओळखच होती.

आकडे चढत होते

१९३५ मध्ये त्यांचं बीपी १३६/७८ होतं. १९३७ मध्ये १६२/९८. १९४० च्या अखेरीला १७८/८८. फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. प्रसिद्ध झालेल्या नोंदींत त्यानंतरचा आकडा येतो तो थेट मार्च १९४४ चा. मधली तीन वर्षं म्हणजे पर्ल हार्बर, अमेरिकेचं युद्धात उतरणं, कासाब्लांका, तेहरान.

हे आकडे कसे मोजले जायचे ते थोडक्यात सांगतो, कारण तंत्र अजून तेच आहे. दंडावर फुगणारा पट्टा बांधायचा, हे इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणलं. पट्टा फुगवून धमनी पूर्ण दाबायची, मग हवा हळूहळू सोडत स्टेथोस्कोपने ऐकायचं, हे रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये दाखवलं. रक्त पहिल्यांदा निसटतं तेव्हा ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. धमनी पूर्ण मोकळी झाली की आवाज थांबतो, तो खालचा. आपल्या घरी जे बॅटरीवरचं मशीन असतं ते आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेच्या दाबात ठोक्यागणिक होणारी बारीक थरथर त्याचा सेन्सर टिपतो आणि त्यावरून अल्गोरिदम दोन्ही आकडे काढतो. पट्टा मात्र लागतोच.

तर १८८/१०५ हा आकडा आज कुठल्याही डॉक्टरांनी पाहिला तर ते त्याच दिवशी उपचारांचं बोलतील. १४०/९० च्या वर गेलं की हाय बीपी, असं आपल्याकडे धरतात. मग १९४१ मध्ये काहीच का झालं नाही? एक कारण म्हणजे त्यांचे खासगी डॉक्टर, नौदलाचे रॉस मॅकिन्टायर, हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. रूझवेल्ट यांना सायनसचा त्रास होता म्हणून तशी निवड झाली होती. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात आणि त्यातून रक्त पुढे ढकलायला शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो कमी करायला जाऊ नये, असं त्या काळी बरेच नामवंत डॉक्टर मानत. या आजाराला इंग्रजीत ‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यक असं विशेषण आहे, त्याच्या मागे हीच समजूत आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळे याला बग न म्हणता फीचर म्हणत होते.

आणि दाब कमी करायचा म्हटलं तरी हातात काय होतं? बीपी उतरवणारी, रोज घेता येईल अशी सुरक्षित गोळी नव्हती. मीठ जवळपास बंद करणारा कडक आहार, मणक्याजवळच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, झोपेची गुंगी आणणारी औषधं आणि सक्तीची विश्रांती, एवढंच.

मार्च १९४४

तेहरानहून १९४३ च्या डिसेंबरात परतल्यावर रूझवेल्ट यांना फ्लूसारखा आजार झाला आणि तो गेलाच नाही. खोकला राहिला. थकवा राहिला. टपाल वाचता वाचता, मजकूर सांगता सांगता त्यांचा डोळा लागायचा. सेक्रेटरी ग्रेस टली यांच्या हे लक्षात आलं होतं. सही करताना पेन घसरत जायचं. रात्री आडवं पडलं की दम लागायचा.

या शेवटच्या गोष्टीचं कारण समजून घ्या, कारण घरातल्या वयस्कर माणसाला असं होत असेल तर ते वयामुळे आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं. हृदयाचा डावा कप्पा वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध पंप करत राहिला की जाड होतो, मोठा होतो आणि शेवटी थकतो. पुढे ढकललं न गेलेलं रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. आपण आडवे झालो की पायांतलं रक्तही छातीकडे येतं आणि तुंबलेलं आणखी वाढतं. म्हणून झोपल्यावर घुसमट होते आणि उठून बसलं की बरं वाटतं. वाईट झोप हे इथे आजाराचं कारण नव्हतं, ते आजाराचं लक्षण होतं.

दिवसा असं डुलक्या घेणारं आणि बीपी वाढलेलं माणूस आज डॉक्टरांसमोर आलं, तर झोपेत श्वास अडकतो का, घोरणं किती आहे, हेही ते विचारतील. स्लीप ॲप्नियामध्ये रात्रीत अनेकदा श्वास थांबतो, प्रत्येक वेळी शरीर घाबरून जागं होतं आणि दाब वर उसळतो. गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसलेल्या बऱ्याच लोकांत हे सापडतं. १९४४ मध्ये या आजाराला नावही नव्हतं.

मुलगी ॲना त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये राहायला आली होती. वडिलांची अवस्था पाहून तिने मॅकिन्टायर यांच्याकडे तपासणीचा आग्रह धरला. मार्च १९४४ च्या शेवटच्या आठवड्यात बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हावर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने राष्ट्राध्यक्षांना तपासलं. बीपी १८६/१०८. एक्स-रेमध्ये हृदय खूप मोठं झालेलं. फुफ्फुसांत पाणी. निदान होतं हाय बीपीमुळे झालेला हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर.

ब्रुएन वयाने आणि हुद्द्याने लहान. त्यांनी पूर्ण विश्रांती, हृदयाचं आकुंचन सुधारणारं डिजिटॅलिस, कमी मीठ, कमी वजन, शांत झोपेसाठी सौम्य औषध आणि डोक्याकडची बाजू उंच करता येईल असा पलंग सुचवला. वरिष्ठांनी आधी नकार दिला. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष अंथरुणाला कसे खिळतील? मग बाहेरचे दोन मोठे डॉक्टर बोलावले गेले, चर्चा झाली, आणि डिजिटॅलिस सुरू झालं. दोनेक आठवड्यांत फुफ्फुसं स्वच्छ झाली, खोकला गेला, हृदयाचा आकार कमी झाला आणि रूझवेल्ट रात्री नीट झोपू लागले.

या सगळ्यात एक गोष्ट मला वाचताना फार खटकली. रूझवेल्ट यांनी ब्रुएनना कधीच काही विचारलं नाही. बीपी किती आहे, ही गोळी कसली, हृदयाचा डॉक्टर रोज का येतोय, काहीच नाही. सांगितलं ते केलं, पण आकडा विचारला नाही. जहाजांची, विमानांची, कारखान्यांची आकडेवारी ज्याला तोंडपाठ होती अशा माणसाने.

मग वेळापत्रक आलं. सकाळचा नाश्ता अंथरुणात. ऑफिस अकरा ते एक. जेवताना कामाचे पाहुणे नाहीत. जेवणानंतर आडवं होऊन विश्रांती. पुन्हा तीन ते पाच ऑफिस. रात्रीच्या जेवणाआधी मालिश. रात्री काम बंद. झोप दहा तास. सिगारेट अगदी मोजक्या. अर्ध्या जगाचं युद्ध चालवणाऱ्या माणसाला दिवसाचे चार तास ऑफिस! हे त्यांनी रोज तंतोतंत पाळलं असं कुणी म्हणणार नाही, पण बराच काळ पाळायचा प्रयत्न केला.

फोन नसलेलं घर

एप्रिलमध्ये ते साउथ कॅरोलायनामधल्या हॉबकॉ इथे उद्योगपती बर्नार्ड बारूख यांच्या मळ्यावर गेले. दोन आठवड्यांसाठी गेले आणि चार आठवडे राहिले. बारूख यांना त्या घरात फोन आवडत नसे, त्यामुळे तो नव्हताच. निरोप बाहेरून यायचे. रूझवेल्ट उशिरा उठत, दुपारी पुन्हा झोपत, मासे पकडत, गाडीतून फेरफटका मारत. नंतर त्यांनी सहकाऱ्याला कळवलं की दिवसाच्या चोवीस तासांतले बारा आपण झोपून काढले. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स त्याच काळात वारले, तरी अंत्यविधीला रूझवेल्ट गेले नाहीत.

परत आले तेव्हा रंग सुधारला होता, दम कमी झाला होता, चेहरा उन्हाने रापला होता. पण बीपी खाली आलं नव्हतं.

झोपेचा बीपीवर परिणाम होतो, हे आज पक्कं माहीत आहे. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. शरीराला सतत सावध ठेवणारी यंत्रणा त्या वेळी मंद होते, नाडी कमी होते, रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणजे हृदयाला आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना रोज सहा-सात तास कमी दाबाची विश्रांती मिळते. झोप तुटक असेल, कमी असेल, किंवा काही आजार असेल तर हा उतार येत नाही, आणि अशा लोकांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्यासाठीच्या मुख्य गोष्टींच्या यादीत झोपेचा समावेश केला तो याच कारणाने. प्रौढांना सात ते नऊ तास, असं त्यांचं म्हणणं.

हा रात्रीचा उतार पाहायचा तर एकदा मोजून चालत नाही. दंडाला पट्टा आणि कमरेला छोटं मशीन चोवीस तास लावून ठेवतात. दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने ते आपोआप फुगतं आणि नोंद करतं. झोपेत थोडा त्रास होतो, पण खरी माहिती मिळते. स्मार्टवॉच हे काम तितकं खात्रीने अजून करत नाही. त्याच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा मोजतो. त्यातून नाडी छान कळते, पण दाब थेट कळत नाही, तो लाटांच्या आकारावरून अंदाजाने काढावा लागतो. म्हणून सॅमसंगच्या घड्याळात दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी आकडे जुळवून द्यावे लागतात. झोपेचंही तसंच. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप किती मिनिटं, हा अंदाज असतो. तो आकडा कमी दिसला म्हणून रात्री दोन वाजता काळजी करत बसू नका, त्याने उलटंच होईल.

आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी फोनची ॲप्स तर अजिबात नकोत. अमेरिकेत खूप खपलेल्या अशा एका ॲपची संशोधकांनी तपासणी केली आणि २०१६ मध्ये निकाल छापला. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा चारपैकी तीनहून जास्त लोकांना ॲपने सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं.

घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, आधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. सावकाश श्वास घेण्याचा, म्हणजे मिनिटाला दहाच्या आत श्वास, थोडा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. दाब काही अंकांनी उतरतो. काही अंकांनी हं. १८६ चे १२० होत नाहीत. गोळी चालू असेल तर ॲपमधला श्वासोच्छ्वास ती बंद करण्याचं कारण नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

हॉबकॉमध्ये नेमकं हेच घडलं होतं. विश्रांतीने थकलेल्या हृदयावरचा भार हलका केला. पण ज्या दाबामुळे हृदय थकलं तो दाब तसाच राहिला, कारण त्याच्यावर औषध नव्हतं.

शेवटचं वर्ष

ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रेमर्टनच्या नौदल तळावर युद्धनौकेच्या डेकवर उभं राहून भाषण करताना त्यांच्या छातीत कळा आल्या. वजन उतरल्यामुळे पायांच्या पट्ट्या नीट बसत नव्हत्या, वारा होता, जहाज हलत होतं. त्यांनी भाषण पूर्ण केलं. लोकांना काही कळलं नाही. नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. तब्येत त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे, असं मॅकिन्टायर पत्रकारांना सांगत राहिले. फोटोंमध्ये मात्र गाल आत गेलेले आणि डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा. स्टालिन, चर्चिल आणि युरोपच्या नकाशावरच्या बैठका, रात्री लांबणारी जेवणं. तिथे बीपी २६०/१५० पर्यंत गेल्याचं सांगितलं जातं. एका तणावाच्या बैठकीनंतर त्यांच्या नाडीत एक ठोका जोराचा, एक मंद असा प्रकार सुरू झाला. थकलेल्या हृदयाची ती खूण. ब्रुएन यांनी भेटीगाठी कमी केल्या, दुपारची विश्रांती सक्तीची केली, आणि एक-दोन दिवसांत नाडी सुधारली. एवढं काम विश्रांतीने तिथेही केलं.

मार्चअखेरीला ते वॉर्म स्प्रिंग्जला गेले. झोपायला, उन्हात बसायला, गाडीतून फिरायला. १२ एप्रिल १९४५ ला सकाळी डोकं जरा दुखत होतं, मान आखडली होती. दुपारी ते खुर्चीत बसून कागद पाहत होते, चित्रकार एलिझाबेथ शूमाटॉफ त्यांचं चित्र रंगवत होत्या. सव्वा वाजता डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि ते कोसळले. ब्रुएन धावत आले. बीपी ३००/१९० च्याही वर होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू. वय ६३. चित्र अर्धंच राहिलं, आजही ते तिथे त्याच घराजवळ पाहायला मिळतं.

१९४८ मध्ये ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं तपासणी करणारा अभ्यास सुरू झाला. हाय बीपी हृदयविकार आणि पक्षाघात आणतं, दाब वाढणं हा वयाचा नैसर्गिक भाग म्हणून सोडून देता येत नाही, हे तिथून आलेल्या आकड्यांनी सिद्ध झालं. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड ही लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी गोळी बाजारात आली. तिच्या वर्गातली औषधं आज आपल्या गावातल्या मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतात. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

त्यांची मूळ वैद्यकीय फाईल बेथेस्डाच्या रुग्णालयातल्या तिजोरीत ठेवलेली होती. मृत्यूनंतर ती नाहीशी झाली आणि आजवर सापडलेली नाही. या लेखातले बरेचसे आकडे मिळतात ते हावर्ड ब्रुएन यांनी पंचवीस वर्षं गप्प राहून १९७० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या नोंदी छापल्या म्हणून.